नव्या देशाच्या नावाला नाशिक रोडचा हात

पाकिस्तानची पहिली तिकिटं नाशिक रोडला छापली गेली, हे सांगितलं की आमच्या जेलरोडवरची जुनी माणसंसुद्धा क्षणभर थबकतात. खरं तर नवल वाटायचं कारण नाही. ब्रिटिश हिंदुस्थानची तिकिटं छापणारा छापखाना एकच होता, आपला सिक्युरिटी प्रेस. फाळणीत फौज वाटली, तिजोरी वाटली, रेल्वेचे डबे वाटले, कचेऱ्यांतली टेबलं-खुर्च्याही वाटली. छापखाना काही मधोमध कापता येईना. मग १ ऑक्टोबर १९४७ ला कराचीपासून ढाक्यापर्यंत जी एकोणीस तिकिटं विक्रीला आली, ती सहाव्या जॉर्जची नेहमीचीच तिकिटं होती आणि त्यांवर नाशिक रोडला एक शब्द चढवलेला होता: पाकिस्तान. स्वतंत्र भारताचं स्वतःचं पहिलं तिकीट याच आवारातून आलं ते २१ नोव्हेंबरला. शेजाऱ्याचं नाव आधी, घरचं सात आठवड्यांनी.

एका देशानं दुसऱ्याला मान्यता दिली की आपण ती संसदेतल्या निवेदनात शोधतो, राजदूताच्या अधिकारपत्रात शोधतो. तिकिटांच्या नादी लागलेल्या माणसाला ती कागदावर बघायला आवडते. निवेदन बाकं वाजली की संपतं. तिकीट मात्र थुंकी लावून चिकटवलं जातं, त्यावर ठप्पा पडतो, आणि परमुलखातला पोस्टमन ते पत्र दारात टाकतो तेव्हा त्याच्या सरकारनं अजून तोंड उघडलेलं नसलं, तरी त्यानं त्या देशाचं नाव मुकाट्यानं मान्य केलेलं असतं. असं नाव परक्याच्या छापखान्यात छापायचं, तर छापणाऱ्याला फार बारीक अवधान लागतं. अक्षर केवढं घ्यायचं, कुठे बसवायचं, खालच्या जुन्या नावाचं काय करायचं, आणि मुख्य म्हणजे आपण स्वतः किती दिसायचं. नाशिक रोडनं हे अवधान निदान तीन देशांसाठी सांभाळलं: १९३७ ला ब्रह्मदेश, १९४७ ला पाकिस्तान, १९७२ ला बांगलादेश.

आधी तिकिटं लंडनहून, डी ला रू कंपनीकडून यायची. १९२५ च्या सुमाराला नाशिक रोडला सिक्युरिटी प्रेस चालू झाला, १९२८ ला शेजारी करन्सी नोट प्रेस आला, आणि भोंग्यावर घड्याळ लावणारं एक गाव तयार झालं. इथल्या घराघरांत प्रेसचा माणूस आहे, पण प्रेसमध्ये आज काय छापलं हे घरात कुणी बोलत नाही. या न बोलण्याचा माल कसा निघतो, ते आता पाहू.

सत्तेचाळीसच्या त्या एकोणीस तिकिटांपैकी आण्याचं कुठलंही एक घ्या. मूळ तिकिटात मुकुटधारी राजा आहे आणि रोमन अक्षरांत 'इंडिया पोस्टेज' आहे. त्यावर काळ्या शाईत रोमन कॅपिटल अक्षरांत 'पाकिस्तान'. चौकट नाही, रेघ नाही, नक्षी नाही. पहिली लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे 'इंडिया'वर काट मारलेली नाही. ओव्हरप्रिंटच्या जगात हे सहज घडत नाही. राजवट बदलली की जुन्या नावावर जाड पट्टे ओढायचे, चेहरा झाकायचा, ही जगभरची रीत. अशा तिकिटांनी अल्बम भरलेले आहेत. इथे दोन्ही नावं एका पेराएवढ्या कागदावर शेजारी-शेजारी नांदतात. त्या ऑक्टोबरात पंजाबात काय चाललं होतं ते आठवलं, म्हणजे या सभ्य छपाईची किंमत कळते. कारण व्यावहारिकच असणार, पट्टे मारायला वेगळा ठसा लागतो आणि घाई होती. पण घाईतही अक्षरांची ठेवण बिघडलेली नाही, हे बघावं.

दुसरी गोष्ट अक्षराच्या मापाची. तीन पैपासून आण्यांपर्यंतच्या छोट्या तिकिटांना एक आकार, आणि रुपयांच्या मोठ्या तिकिटांना मोठा, वेगळा आकार. एकच ठसा सगळीकडे मारला असता तरी कायद्यानं चाललं असतं. पंचवीस रुपयांच्या तिकिटावर ते नाव मग हरवल्यासारखं दिसलं असतं. नवं राष्ट्र आपल्या सर्वांत महागड्या तिकिटावर हरवलेलं दिसू नये, ही काळजी ज्यानं घेतली त्याचं नाव कुठे नोंदलेलं नाही. ती काळजी मात्र पंचवीस रुपयांच्या तिकिटावर उघड दिसते.

या कामाची खरी परीक्षा शेजारी दुसरा नमुना ठेवल्यावर होते. नाशिक रोडचा माल पुरेना, तेव्हा पाकिस्तानात ठिकठिकाणी पोस्टमास्तरांनी रबरी शिक्के करून घेतले आणि हातातल्या साठ्यावर ठोकले. ते शिक्के तिरके पडले आहेत, कुठे जांभळी शाई फुटली आहे, कुठे अर्धंच नाव उठलं आहे. त्यांचा एक वेगळा जिवंतपणा आहे आणि संग्राहक त्यावर जीव टाकतात, मलाही ते आवडतात. पण भिंग फिरवत नाशिकच्या तिकिटावर आलं की डोळ्याला विसावा मिळतो. अक्षरांमधली अंतरं सारखी, पायाची ओळ सरळ, शाईचा काळेपणा पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत एकसुरी. लिथोच्या सपाट शाईत कडा फुगत नाहीत, तोच गुण इथे कामाला आला आहे. पाकिस्तानी संग्राहक या गटाला 'नासिक ओव्हरप्रिंट' म्हणतात. तिकिटावर गावाचं नाव नाही, पण जाणकारांनी ते ओळखीसाठी लावलं. कारागिराला याहून मोठी दाद कोणती असते, मला माहीत नाही.

नोटांची कथा आणखी मजेची. पाकिस्तानची स्वतःची बँक उभी राहीपर्यंत रिझर्व्ह बँक दोन्ही देशांचं चलन सांभाळत होती. १ एप्रिल १९४८ पासून तिकडे चालायला लागलेल्या नोटा म्हणजे रिझर्व्ह बँक ऑफ इंडियाच्याच नोटा, त्यांवर इंग्रजीत 'गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान' आणि उर्दूत 'हुकूमते पाकिस्तान'. सही गव्हर्नरांची, म्हणजे चिंतामणराव देशमुखांची. रायगडाच्या पायथ्याशी, महाडजवळच्या नात्यात जन्मलेल्या माणसाची सही लाहोरच्या बाजारात हातोहात फिरत होती! उर्दू ओळीची जागा फार सुरेख निवडली आहे. ती जलचिन्हाच्या मोकळ्या पांढऱ्या भागात येते, आजूबाजूला नक्षीची गर्दी नाही, त्यामुळे नस्तालीकची वळणं श्वास घेतात. नोटेतला पांढरा भाग ही चित्रकाराची सर्वांत मौल्यवान जमीन असते. ती पाहुण्याच्या लिपीला दिली, यात आतिथ्य आहे असं मी म्हटलं तर अतिशयोक्ती होईल. पण नजर आहे, हे नक्की.

घरच्या तिकिटाकडे जाता जाता पाहू. २१ नोव्हेंबर १९४७ चं तिरंग्याचं तिकीट, वर देवनागरीत 'जय हिंद', तारीख १५ ऑगस्ट १९४७, किंमत साडेतीन आणे. साडेतीन आणेच का? परदेशी जाणाऱ्या पत्राचा तो दर होता. महिनाभरानं आलेलं अशोकस्तंभाचं तिकीट दीड आण्याचं, देशातल्या पत्रासाठी. विमानाचं बारा आण्यांचं, हवाई टपालासाठी. झेंडा बाहेरच्यांना दाखवायचा, सिंह घरच्यांना. नुसत्या किमतीच्या आकड्यात एवढी मुत्सद्देगिरी बसवलेली आहे, आणि शाळेत झेंड्याचं हे तिकीट दाखवताना कुणी आकड्याकडे बोट दाखवत नाही.

आता १९७१. पूर्व बंगालातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले होते. १५ नोव्हेंबरपासून बहुतेक टपालावर पाच पैशांचं जादा तिकीट सक्तीचं झालं. कुटुंब नियोजनाच्या पाच पैशांच्या लहानशा तिकिटावर 'शरणार्थी सहायता' आणि 'रिफ्यूजी रिलीफ' असे शब्द चढवले गेले. तिकिटं कमी पडली तशी बंगलोर, जयपूर अशा ठिकाणी स्थानिक छपाई झाली. सत्तेचाळीसची तऱ्हा पुन्हा. १ डिसेंबरला निर्वासितांचं चित्र असलेलं खास तिकीट आलं आणि आम्ही पोरंटोरं लिफाफ्यांवरून ती लालसर तिकिटं वाफेवर सोडवत बसायचो. कलेच्या दृष्टीनं त्यात थांबण्यासारखं फार नाही.

थांबावं ते ६ डिसेंबरच्या निवेदनापाशी. सोमवार होता, युद्ध सुरू होऊन तीन दिवस झाले होते, ढाका पडायला अजून दहा दिवस होते. इंदिरा गांधींनी लोकसभेत वाचलेलं ते निवेदन मी एखाद्या छापील नमुन्यासारखं वाचतो, कारण त्याची बांधणी तशीच घट्ट आहे. नव्या राज्याला तिथल्या लोकांचा पाठिंबा आहे हे सांगताना त्या जेफर्सनचा निकष पुढे ठेवतात: राष्ट्राची इच्छा पुरेशा स्पष्टपणे प्रकट झालेली असली की सरकार मान्य करावं. अमेरिकेचं सरकार पाकिस्तानच्या बाजूनं झुकलेलं, आणि दाखला अमेरिकेच्याच आद्यपुरुषाचा. कुठे टोमणा नाही, आवाज चढलेला नाही. मग इतके महिने मान्यता का दिली नाही याचं कारण: शांततेनं तोडगा निघण्याच्या आड आपण येऊ नये म्हणून. पाकिस्ताननं युद्धच पुकारल्यावर त्या संकोचाला अर्थ उरला नाही. आणि त्यानंतर देशाचं नाव, त्या लोकांनी स्वतः ठरवलेलं, जसंच्या तसं: 'गण प्रजातंत्री बांगला देश'. इंग्रजी निवेदनात ते नाव इंग्रजी करून घेतलेलं नाही. शेवटी अभिनंदन कुणाचं, तर पदांचा उल्लेख करून कार्यवाहक राष्ट्रपती आणि पंतप्रधान यांचं, म्हणजे सय्यद नजरुल इस्लाम आणि ताजुद्दीन अहमद या दोघांचं. त्यांचे नेते शेख मुजीबुर रहमान तेव्हा पाकिस्तानच्या तुरुंगात. मान्यता मोघम जनतेला देता येते, सरकारला पदांनिशी द्यावी लागते. ही दोन पदं म्हणजे त्या दस्तऐवजाची मोहोर. भूताननंही त्याच दिवशी मान्यता दिली आणि पाकिस्ताननं त्याच दिवशी भारताशी राजनैतिक संबंध तोडले.

त्याआधी चार महिने बांगलादेशची आठ तिकिटं निघालेली होती, हे ठाऊक असल्याशिवाय नाशिक रोडच्या कामाची चव पुरती कळत नाही. २९ जुलै १९७१ ला बांगलादेशच्या हंगामी, मुजीबनगर सरकारनं ती काढली. लंडनमध्ये राहणारे बंगाली चित्रकार बिमान मल्लिक यांची ती रेखाटनं, छपाई तिथल्याच फॉरमॅट इंटरनॅशनलची. दहा पैशांपासून दहा रुपयांपर्यंत, कारण टाका अजून जन्मायचा होता. नकाशा आहे, ढाका विद्यापीठातली कत्तल आहे, साडेसात कोटी लोक आहेत, सत्तरच्या निवडणुकीचे आकडे आहेत, तुटलेली साखळी आहे, शेख मुजीब आहेत, आणि शेवटच्या दहा रुपयांवर सरळ आवाहन: बांगला देशला पाठिंबा द्या. झगझगीत सपाट रंग, ठसठशीत आकार, दुरूनही वाचता यावं असं. ती भिंतीवरच्या पोस्टरची भाषा आहे आणि ती तशीच असायला हवी होती. ज्याला कुणी ओळखत नाही त्यानं ओरडून नाव सांगायचं असतं. मल्लिकांचा निवडणुकीच्या आकड्यांचा दोन रुपयांचा कागद तर मला फार धीट वाटतो. मतमोजणी हा तिकिटाचा विषय करायला वेगळीच छाती लागते.

नाशिक रोडवर काम आलं ते ओळख मिळाल्यानंतरचं. आता ओरडायचं कारण नव्हतं. मुजीब १० जानेवारी १९७२ ला ढाक्याला परतले, आणि २१ फेब्रुवारीला स्वतंत्र बांगलादेशच्या टपालखात्याचं पहिलं नवं तिकीट आलं. सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेलं, वीस पैशांचं, विषय शहीद मिनार.

१९५२ च्या २१ फेब्रुवारीला बंगाली भाषेसाठी ढाक्यात विद्यार्थी गोळ्यांना बळी पडले, त्यांचं ते स्मारक. शिल्पकल्पना हमीदुर रहमान यांची, सोबतीला नोव्हेरा अहमद. मधला उंच स्तंभ माथ्यावर पुढे कललेला, दोन्ही बाजूंना दोन-दोन लहान स्तंभ. आई लेकरांवर वाकली आहे, असा त्याचा अर्थ लावतात. आता या तिकिटातली पहिली नजरेतून सुटणारी गोष्ट. ज्या दिवशी हे तिकीट ढाक्याच्या टपालखिडकीत आलं, त्या दिवशी ढाक्यात मिनार उभा नव्हता. मार्च १९७१ च्या कत्तलीत पाकिस्तानी सैन्यानं तो पाडला होता. उरला होता चौथरा आणि भग्न अवशेष. म्हणजे या चिमुकल्या कागदावर जी वास्तू आहे ती तेव्हा जमिनीवर नव्हती, फक्त शाईत होती. भग्नावशेष छापले असते तर ते लंडनच्या आठांसारखं आरोपपत्र झालं असतं. अखंड मिनार छापला, आणि पाडणाऱ्याचं नावही न घेता त्याला उत्तर मिळालं.

दुसरी गोष्ट रंगांची. हिरवा आणि लाल, दोनच. हिरवा मंद, किंचित राखेकडे झुकणारा. लाल गुलाबाच्या पाकळीचा, रक्ताचा नव्हे. दोन्ही रंग झेंड्याचे, पण दोन्ही एकेक पायरी खाली उतरवलेले. झेंड्याचे भडक रंग शोकाच्या तिकिटाला शोभले नसते. इतका संयम दोन रंगांत साधणं अवघड असतं, कारण तिसरा रंग मदतीला नसला की सगळा भार छटेवर येतो.

आणि इथेच फोटोग्रॅव्हरचं काम कळतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग लावून अक्षरांच्या कडा पाहा. ऑफसेटची कड गुळगुळीत असते. ग्रॅव्हरच्या अक्षराला करवतीसारखे सूक्ष्म दाते असतात, कारण इथे चित्रच नव्हे तर अक्षरसुद्धा जाळीतून जातं. तांब्याच्या रुळावर हजारो खळगे कोरलेले असतात. खळगा खोल, तर शाई जास्त आणि छटा गडद. उथळ, तर फिकट. एकाच शाईतून उजेडापासून सावलीपर्यंतचा उतार मिळतो तो या खोलीच्या फरकावर. त्यासाठी मूळ चित्राचं छायाचित्र, त्याची पारदर्शी प्रत, जिलेटिनचा थर दिलेला कार्बन टिश्यू, तो रुळावर उतरवणं, आम्लासारख्या द्रावणानं तांबं खाऊ देणं, वर क्रोमचा मुलामा, मग चाचणीची प्रत. यातल्या एका पायरीवर द्रावण थोडा वेळ जास्त राहिलं तर मंद हिरव्याचा काळा होतो. नाशिक रोडनं हे तंत्र पहिल्यांदा वापरलं ते १ ऑक्टोबर १९५२ च्या संत-कवींच्या सहा तिकिटांसाठी, त्यांत रवींद्रनाथही होते. ढाक्यात भाषेसाठी गोळीबार झाला तेच वर्ष. वीस वर्षांत हात असा बसला, की मुजीब परतल्यापासून मोजले तरी जेमतेम सहा आठवड्यांत नव्या देशाचं दोनरंगी तिकीट घाईची एकही खूण न दाखवता बाहेर पडलं.

किंमतही पाहण्यासारखी. २१ फेब्रुवारीला तिथे अजून रुपयाच चालत होता. टाका आला ४ मार्चला. पण रुपयातही शंभर पैसे आणि टाक्यातही शंभर. तिकिटावर पैसा लिहिला की चलन बदललं तरी तिकीट शिळं होत नाही. तिकीट निघालं त्या दिवशी ब्रिटन आणि सोव्हिएत संघानं मान्यता दिलेली होती. अमेरिकेची ४ एप्रिलला यायची होती, पाकिस्तानची थेट २२ फेब्रुवारी १९७४ ला आणि चीनची ३१ ऑगस्ट १९७५ ला. हे तिकीट लावलेलं पत्र न्यूयॉर्कला पोचलं असेल, तर ते त्यांच्या परराष्ट्रखात्याच्या आधी पोचलं.

४ मार्चच्या नोटांबद्दल मी तितक्या मोकळ्या मनानं बोलू शकत नाही. एक टाका आणि शंभर टाका त्या दिवशी आले, पाच आणि दहाचे मागून. छपाई नाशिक रोडचीच. शंभराची नोट हिरवी, डावीकडे देशाचा नकाशा, उजवीकडे शेख मुजीब. नकाशा १७ जानेवारीला झेंड्यावरून काढून टाकला होता, काढायला-शिवायला कठीण म्हणून. नोटेवर मात्र तो राहिला, आणि नद्यांनी कुरतडलेली ती दक्षिणेची किनार कोरणाऱ्याला कापडापेक्षा कागदावर किती सोपी जाते ते तिथे दिसतं. बंगाली अक्षरं पाहा. ती नवशिक्या हाताची नाहीत. असणारही नाहीत, कारण आपल्या प्रत्येक नोटेच्या भाषापट्टीत आसामीच्या खाली बंगाली ओळ असते आणि तिचा शेवट 'टाका' असाच होतो. करन्सी प्रेसच्या कोरक्यांनी त्या मात्रा, त्या टोकदार काना-वेलांट्या बारीक आकारात वर्षानुवर्षं गिरवल्या होत्या. आता तीच ओळ पट्टीतून उचलून नोटेच्या मध्यभागी आणायची होती, एवढंच.

पण नोट आणि तिकीट यांत फरक आहे. तिकिटाची नक्कल करून फारसं मिळत नाही, नोटेची करून मिळतं. घाईत काढलेली ही नकाशाची मालिका नकली करायला सोपी गेली, बनावट नोटांचा बोभाटा झाला, जास्तीच्या नोटा छापल्याच्या वावड्या उठल्या, आणि वर्ष-दोन वर्षांत ती चलनातून काढून घेतली गेली. सौंदर्य म्हणून तिला पास करीन, संरक्षण म्हणून नाही. दुसऱ्याच्या घराचं कुलूप आपण करून देणं मुळातच अवघड; ते घाईत करून देऊ नये. पुढे १९७३ च्या नेहमीच्या वापराच्या तिकिटांचं कामही इंग्लंडच्या ब्रॅडबरी विल्किन्सनकडे गेलं.

मधल्या काळात एक संच मात्र असा निघाला, की ज्यासाठी मी अजून लिलावांच्या याद्या चाळतो. २६ मार्च १९७२, स्वातंत्र्याचा पहिला वर्धापनदिन. चित्रकार नितुन कुंडू, मुक्तियुद्धात ज्यांनी पोस्टरं केली ते. विषय स्वातंत्र्याची ज्वाळा. वीस, साठ आणि पंचाहत्तर पैसे, तिन्हींवर एकच चित्र. वीसचं मरून आणि लाल, साठचं गडद निळं आणि लाल, पंचाहत्तरचं गडद जांभळं आणि लाल. लाल तिन्हींत कायम, सोबतचा रंग तेवढा बदलतो. खर्च वाचवायची ही जुनी युक्ती. पण तीन तिकिटं ओळीनं मांडली की ती युक्ती वाटत नाही, एकाच चिजेच्या तीन जागा वाटतात. मरूनजवळ लाल ठेवला की दोघे सगोत्र, ज्वाळा निखाऱ्यासारखी आत धुमसत राहते. जांभळ्यात लालाचा अंश आधीच मुरलेला, म्हणून तिथे ती जरा उठते, पण पूर्ण सुटत नाही.

साठ पैशांचं वेगळं आहे. निळा आणि लाल हे दोन रंग डोळा एका अंतरावर धरू शकत नाही. निळा मागे सरकतो, लाल पुढे येतो, आणि त्यांच्या सीमेवर किंचित थरथर भासते. सामान्य छपाईत हा दोष ठरतो. अक्षरं नाचायला लागतात, म्हणून शहाणे छापणारे हे जोडपं टाळतात. इथे विषयच ज्वाळा असल्यानं तो दोष कामाला लागला आहे. मात्र त्यासाठी दोन रुळांची जुळणी अचूक लागते. लाल केसभर सरकला तर निळ्याच्या कडेला पांढरी फट दिसते आणि सगळी जादू जाते. माझ्याजवळच्या चौकडीत चारही तिकिटांवर ती फट नाही, भिंग उलटसुलट फिरवून पाहिलं तरी नाही. संचातलं एकच मिळत असेल तर साठ पैशांचं घ्यावं, आणि कोपऱ्याची समासासकट चौकडी मिळाली तर भाव जास्त सांगितला तरी सोडू नये.